ब्रेकवरचा लाल दोरा

भास्करकाकांची आठवण काढायला बसलो की सगळ्यात आधी आठवतो तो त्यांनी मला आणलेला वैताग. माणूस गुणाचा होता, हाताला कसब होतं, हे सगळं खरं. पण चार वर्षं त्यांच्याबरोबर काम करताना माझे निम्मे केस पिकले, आणि ते वयामुळे नव्हे.

झाडं छाटणाऱ्या-तोडणाऱ्या एका कंत्राटदाराकडे मी सुपरवायझर आहे. म्हणजे मी स्वतः झाड तोडत नाही. काम कधी संपेल याची लोकांना खोटी उत्तरं देतो. आमचं गोडाऊन वसईजवळ वालीवला. एका बाजूला खोकी ठोकणारे, दुसऱ्या बाजूला बादल्यांचा कारखाना, मध्ये आमची पत्र्याची शेड. मालकांना सगळे अप्पा म्हणतात. तीन मशीनं, पाच माणसं, एक टेम्पो, असा एकूण संसार. मशीन म्हणजे पेट्रोलवर चालणारी चेन सॉ. तिला आमच्यात कोणी पूर्ण नावाने हाक मारत नाही.

काका त्या पाचांत वयाने मोठे, साठीला टेकलेले. राहणारे वसईतल्या होळी गावचे. घरची वाडी होती, भाजी आणि झेंडू लावायचे, पण ती भावाने सांभाळली आणि हे तरुणपणीच एका लाकडाच्या वखारीत शिरले. अंगाने काटकुळे. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात तिथे यांची चेनला धार लावायची गोल कानस. लग्नाकार्यालासुद्धा ती खिशात असायची, असं त्यांच्या भावजयीने मला एकदा कपाळाला हात लावून सांगितलं होतं.

मी नोकरीला लागलो त्याच आठवड्यातली गोष्ट. बोळिंजच्या एका सोसायटीत सुकलेलं झाड उतरवायचं होतं. मी नवा, चांगलं दिसावं म्हणून काकांसाठी चहा घेऊन थेट झाडाखाली गेलो. त्यांनी मशीन बंद केलं, खाली ठेवलं, कानांवरची टोपणं काढली आणि शांतपणे विचारलं, "साळवी, हे झाड केवढं?"

"असेल तीस फूट."

"मग तू साठ फुटांवर पायजे. चहा तितंच पी."

मला वाटलं गंमत करतायत. पण मी पावलं मोजत मागे जाईपर्यंत त्यांनी मशीनला हात लावला नाही. साठ फूट भरले ते शेजारच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये. तिथे एका स्कूटरकडे तोंड करून मी दोन्ही चहा प्यायलो.

काम सुरू करण्याआधी त्यांचा एक विधी असायचा. मशीनच्या पुढच्या दांडीसमोर तळहाताएवढी काळी पट्टी असते. ती पुढे ढकलली की टक असा आवाज येतो, ब्रेक बसतो आणि चेन जागच्या जागी थांबते. पात्याचं नाक नको तिथे टेकलं तर मशीन उसळी मारून थेट तोंडावर येतं. त्या वेळी ही पट्टी डाव्या मनगटावर आपटते आणि चेन अंगाला लागायच्या आत थांबते. निदान थांबायला हवी. काका रोज सकाळी तिन्ही मशीनं ओळीत मांडून ब्रेक लावायचे, सोडायचे, परत लावायचे. मग चालवून बघायचे. दुसऱ्या कोणी हे केलं तर लांबूनच विचारायचे, "टक आला का?" आला म्हटलं तर म्हणायचे, "मला नाय ऐकू आला. परत कर."

अर्धा तास यात जायचा. तोवर माझ्या फोनवर सोसायटीच्या सेक्रेटरीचे तीन कॉल येऊन गेलेले असायचे. मी काकांसमोर घड्याळ बघितलं की त्यांचं वाक्य ठरलेलं. "झाडाला घाई नाय. घाई तुला हाय."

त्यानंतर प्रदक्षिणा. झाडाभोवती हळूहळू फिरायचे, मान वर करून, मध्येच खोडावर कोयत्याच्या पाठीने ठोकायचे, खोडाला हात लावायचे. झाड कुठे झुकलंय, आतून पोकळ आहे का, वर गांधीलमाश्यांचं पोळं आहे का, आणि पडताना आपण पळायचं कुठे, एवढं सगळं त्या फेऱ्यांत बघून व्हायचं. लोकांना ते कळत नसे. एकदा एका सोसायटीतल्या बायका खाली येऊन हात जोडून उभ्या राहिल्या. तोडण्याआधी झाडाची क्षमा मागतात, किती छान, असं त्यांचं आपसात चाललं होतं. एकीने नारळ आणून दिला. काकांनी तो घेतला, कपाळाला लावला, पिशवीत टाकला, आणि म्हणाले, "ताई, आता ते दिव्यांच्या माळेचे खिळे कोनी ठोकले ते सांगा." खोडात एकोणीस खिळे निघाले. ते उपटण्यात ती सकाळ गेली. खिळ्यावर चेन गेली तर काय होतं हे सेक्रेटरीला समजावण्यात माझी दुपार गेली. नारळाची वडी मात्र काकांनी दुसऱ्या दिवशी डब्यातून आणली, सगळ्यांना दिली.

असा माणूस देवळात शोभला असता असं तुम्हाला वाटेल. तसं काही नव्हतं. काका तापट होते. कोणी खांद्याच्या वर मशीन उचललं, शिडीवर उभं राहून कापलं, एका हाताने मशीन धरून दुसऱ्याने फांदी ओढली की शिव्या सुरू. शिव्या अस्सल वसईच्या असत, त्या इथे लिहिता येणार नाहीत. मात्र शिव्या देऊन झाल्या की स्वतःचं मशीन खाली ठेवायचे, लांब जाऊन बसायचे आणि केळं खायचे. गरम डोक्याने मशीनला हात लावायचा नाही हा त्यांचाच नियम. त्यांच्यामुळे आमच्या टेम्पोत कायम केळी असत.

अप्पांचं आणि त्यांचं सगळ्यात जास्त वाजायचं ते सामानावरून. अप्पा वाईट माणूस नाही, पण त्यांचा जीव फोटोत. कुठल्याही कामाचा फोटो गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर गेला पाहिजे, आणि त्यात सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट दिसलं पाहिजे. फोटो झाला की हेल्मेटं परत टेम्पोत. काकांच्या कटकटीला कंटाळून अप्पांनी एकदा पायांवर घालायचं जाड कव्हर आणलं. त्याच्या आत धागे असतात, चेन लागलीच तर ते ओढले जाऊन चेनमध्ये गुंततात आणि ती अडकते. पण आणलं एकच. ते भर मे महिन्यात घालून काका घामाने निथळत काम करायचे. दिनेश, आमचा दुसरा मशीनवाला, तिशीचा, जव्हारकडचा, हसरा माणूस, त्यांना विचारायचा, "काका, बॅटिंगला चाललात का?"

काका म्हणायचे, "बॉल लागला तर पाय घरी येतो रे. ही लागली तर तू एकटाच घरी येशील."

दिनेश हसायचा, मी हसायचो. काका त्याला दर आठवड्याला सांगत राहिले आणि तो दर आठवड्याला हसत राहिला. एवढं सांगून माणूस थकत कसा नाही, याचाच मला तेव्हा जास्त राग यायचा.

मग तो दसरा आला.

दसऱ्याला आमच्याकडे मशीनांची पूजा होते. वालीवच्या प्रत्येक शेडमध्ये होते. मशीनं धुऊन-पुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडूचे हार, पेढे. झेंडू दरवर्षी काकांच्या वाडीतला. त्या दिवशी काका नवा सदरा घालून यायचे आणि प्रत्येक मशीनला वाकून नमस्कार करायचे. म्हणजे त्यांचा देवाधर्माला विरोध होता असं कोणी म्हणू नये. त्या वर्षी अप्पांच्या बायकोने, वहिनींनी, कुलदैवताच्या देवळातून लाल दोरा मंतरून आणला होता. अप्पांना आदल्या महिन्यात छातीत दुखलं होतं, धंदा मंदावला होता, बाई घाबरलेल्या होत्या. त्यांनी तिन्ही मशीनांना तो दोरा स्वतःच्या हाताने बांधला, चांगले सात-सात वेढे देऊन. बांधायला जागा सोयीची म्हणून पुढची दांडी आणि तिच्यासमोरची काळी पट्टी, दोन्ही मिळून आवळली. फोटो फार सुंदर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी नेहमीप्रमाणे मशीन पुढे ओढलं आणि पट्टी ढकलली. टक आला नाही. त्यांनी परत ढकलली. मग कोयता घेतला आणि दोरा कापला.

वहिनी पूजेची भांडी न्यायला आल्या होत्या, त्या दारातच उभ्या होत्या. "काका, पूजेचा दोरा तोडलात?"

"वहिनी, दोऱ्याखाली ब्रेक हाय. तो हलत नाय. मी मागच्या दांडीला बांधतो ना परत."

"तुटला तो तुटला. आपणहून गळेपर्यंत काढायचा नसतो तो." वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. भांडणाला आलेली बाई परवडली, रडणाऱ्या बाईपुढे कोणाचं काय चालणार. अप्पा आतून आले, बायकोकडे बघितलं आणि त्यांचा आवाज चढला. उरलेल्या दोन मशीनांच्या दोऱ्यांना हात लावायचा नाही, म्हणाले.

"मग ती मशीनं चालनार नायत," काका म्हणाले, आणि दोन्ही मशीनं आपल्या पायांशी ओढून घेतली.

"शेड माझी आहे काका. नाही पटत तर घरी बसा."

मग अप्पा माझ्याकडे वळले. "साळवी, तू सांग. दोऱ्याने काय मशीन अडणार आहे?"

मला उत्तर माहीत होतं. चार वर्षं रोज सकाळी मी तो टक ऐकला होता, तो कशासाठी असतो हे मला दिनेशपेक्षा जास्त ठाऊक होतं. पण बोळिंजला दोन मोठे गुलमोहर उतरवायचे होते, टेम्पो उभा होता, सेक्रेटरीचा कॉल येत होता. आणि खरं सांगायचं तर या माणसाच्या अर्ध्या-अर्ध्या तासांचा मला कंटाळा आला होता. मी म्हणालो, "काका, चार दिवसांचा प्रश्न आहे. दोरा काय, आपोआप निघून जाईल."

काकांनी माझ्याकडे बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी पायाचं कव्हर काढून घडी करून पाटावर ठेवलं, कानस खिशात आहे ना ते चाचपलं, आणि सायकल काढून निघून गेले. टेम्पोतली केळी तशीच राहिली.

वरून एकेक फांदी उतरवत आठव्या दिवशी पहिला गुलमोहर खाली आला. झाड पाडण्याचं अवघड काम नीट झालं होतं. दिनेश जमिनीवर पडलेल्या फांद्यांचे तुकडे करत होता, सगळ्यात सोपं काम. पानांच्या ढिगाखाली एक फांदी लपलेली होती, तिला पात्याचं नाक टेकलं आणि मशीन उसळलं. मी अंतरावर होतो, साठ फुटांवर नव्हे, वीसेक. मला दिनेशचं मनगट त्या पट्टीवर आपटलेलं दिसलं. पट्टी हलली नाही. सात वेढे होते आणि आठ दिवसांत एकही सैल झाला नव्हता.

दिनेश वाचला. मशीन चेहऱ्यावर जाण्याऐवजी डाव्या खांद्यात गेलं, डॉक्टरांनी त्याला नशीब म्हटलं. त्याचा डावा हात आता खांद्याच्या वर जात नाही. तो गोडाऊनमध्ये बसून चेनला धार लावतो, फोन घेतो. त्या संध्याकाळी इस्पितळातून परत आल्यावर मी उरलेल्या मशीनचा दोरा कापला. राग इतका आला होता की कोणावर काढावा ते कळत नव्हतं. वहिनींवर काढावा, तर बाईंनी सगळ्यांच्या भल्यासाठीच बांधला होता. अप्पांवर काढावा, तर त्यांनी मला विचारलं होतं.

मी होळी गावात काकांकडे गेलो. काका वाडीत वालपापडीच्या मांडवाखाली उकिडवे बसले होते. मी सगळं सांगितलं. "मी बोललो होतो" हे शब्द ऐकायची तयारी करूनच गेलो होतो. ते आले नाहीत.

"कुठलं मशीन?"

"मधलं."

"सकाळी टक बघितला होता कोनी?"

मी मानेनेच नाही म्हटलं. काकांनी हातातलं गवत फेकलं आणि मग ते भडकले, पण माझ्यावर नाही. "मी दोरे तोडून निघायला पायजे होतं. दोन मशीनं माझ्या पायाशी होती, कोयता हातात होता. मला राग आला नि मी उठून गेलो. गरम डोक्याने काय करायचं नाय, हे मीच तुमाला शिकवत होतो ना? नि मीच गरम डोक्याने गेलो."

"काका, चूक माझी आहे."

"तुझी हायच," ते म्हणाले. "पन ती तू बघ. माझी मला बघू दे."

परत या म्हटलं तर आले नाहीत. अप्पा स्वतः गाडी घेऊन गेले, तरी नाही. मला पानी घालायचंय वेलांना, एवढंच उत्तर. इकडे शेडमध्ये तीन महिने सगळं शिस्तीत चाललं. प्रत्येकाला पायाची कव्हरं आली, नवी हेल्मेटं आली, भिंतीवर नियमांचा कागद लागला. चौथ्या महिन्यात उकाडा वाढला आणि कव्हरं खिळ्याला गेली. मी बोंबललो की माणसं घालायची, मी पाठ वळवली की काढायची. मशीनं मांडून अर्धा तास मी घालवू लागलो आणि मागून कोणीतरी घड्याळ बघू लागलं. एकदा एका नव्या माणसाने मला विचारलंसुद्धा, "साहेब, एवढी कटकट कशाला?" मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते काकांचं वाक्य. झाडाला घाई नाय. त्याला ते विनोदी वाटलं.

पुढच्या दसऱ्याला झेंडू कुठून आणायचा असा प्रश्न होता. दहाच्या सुमाराला गेटात सायकल थांबली. मागच्या कॅरिअरवर झेंडूची दोन पोती, अंगात नवा सदरा, खिशात कानस. काका थेट पाटासमोर येऊन बसले. दिनेशने उजव्या हाताने त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी त्याच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

वहिनींनी जुन्या दोन मशीनांना दोरा मागच्या दांडीला बांधला होता, सैल, एकच वेढा. वर्षभर ती बाई आमच्यापैकी कोणाच्या नजरेला नजर देत नव्हती. काकांनी पहिल्या मशीनची पट्टी ढकलली. टक. दुसऱ्याची ढकलली. टक. तिसरं मशीन नवंकोरं होतं, दिनेशच्या मशीनच्या जागी आणलेलं. त्याला दोरा अप्पांनी बांधला होता. पुढे, पट्टीवरून, चांगला घट्ट. "मागे बांधला तर फोटोत दिसत नाही," अप्पा म्हणाले. "फोटो झाला की सोडू की."

मी तिथेच होतो. हार लावण्याच्या गडबडीत माझंही लक्ष गेलं नव्हतं. एवढं सगळं होऊन गेल्यावरही, बारा महिन्यांच्या आत, तोच दोरा त्याच जागी, आणि पूजेला शेडमध्ये दहा माणसं जमली असताना तो दिसला तो सोडून गेलेल्या माणसाला. मला स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटली.

काकांनी पट्टी ढकलून बघितली. ती हलली नाही. त्यांनी पाटाशेजारचा पूजेतला कोयता उचलला. अप्पांचा चेहरा बदलला, वहिनींच्या हातातलं आरतीचं ताट थांबलं. पण काकांनी कोयता उलटा धरला, मूठ माझ्याकडे केली.

"साळवी, तू सांग."

अप्पांचेच शब्द. काकांच्या आवाजात टोमणा नव्हता, रागही नव्हता. ते खरोखर विचारत होते.

मी कोयता घेतला आणि दोरा कापला. पाच वेढे होते, पाचही कापले. हळदकुंकवाने बोटं भरली. वहिनी पुढे आल्या, मला वाटलं आता रडतील. त्यांनी तुटलेला दोरा उचलला, नवा घेतला आणि मागच्या दांडीला बांधला. अप्पा मोबाइल हातात धरून तसेच उभे होते. दिनेश वाकला आणि उजव्या हाताने पट्टी ढकलली.

टक.

आरती झाली. काकांनी पेढा घेतला, अर्धा खाल्ला, अर्धा सदऱ्याच्या खिशात कानसेजवळ ठेवला. सायकल काढली तेव्हा अप्पा मागून म्हणाले, "काका, फोटोला तरी थांबा."

काकांनी वळून शेडकडे बघितलं. भिंतीवर पाच हेल्मेटं खिळ्यांना टांगलेली होती, त्यांतल्या दोनांवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नव्हतं. "फोटो उद्या सकाळी काढा," ते म्हणाले. "कामावर निघताना. मग बघू किती जनांच्या डोक्यावर असतात ते."

ते निघाले, आणि त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही. रिकामी पोती कॅरिअरवर फडफडत होती, वळणावर त्यांनी मागून येणाऱ्या ट्रकला हात दाखवला आणि तो जाईपर्यंत पाय टेकवून थांबून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिन्ही मशीनं ओळीत मांडली. पाच डोक्यांवर हेल्मेटं तीन होती.